एरिअलवरच्या गोधड्या

घटस्थापना दोन दिवसांवर आली की शहापुरात बाईच्या हाताला उसंत नसते. घरातली चिंधी न् चिंधी धुवून निघते. चौसष्ट साली गोदीने सात गोधड्या धुवून आणल्या, तेव्हा अंगणातली दोरी केव्हाच भरली होती. वर पाहिलं तर आढ्यापासून आंब्यापर्यंत तांब्याची लांबलचक तार... आणि तीही रिकामी. देवानेच धाडली म्हणायची. तार खाली ओढून तिने सातही गोधड्या तिच्यावर टाकल्या.

संध्याकाळी पडवीलगतच्या खोलीत 'फट्' झालं आणि नवे भाडेकरू बाहेर धावले. हे काळूराम मास्तर, मूळचे धसईचे, तारऑफिसात कामाला. सरकारी परवाना काढून, जुन्या बाजारातून एकेक भाग जमवून त्यांनी स्वतः ट्रान्समीटर बांधला होता. त्यावरून ते मद्रास-कलकत्त्याच्या अनोळखी लोकांशी गप्पा मारत. तार त्याचीच एरिअल.

"या गोधड्या कुणाच्या?"

"आमच्या. तारेवर दुसरं काय घालतात?"

मास्तर रागवायलाच आले होते. पण समोरची मुलगी कमरेवर हात ठेवून अशी काही बघत होती की, त्यांचा राग वाटेतच कुठेतरी सांडला. दार सताड उघडं ठेवून त्यांनी तिला यंत्र दाखवलं. एरिअल बिघडली की सगळी ताकद आतच कोंडते, व्हॉल्व्हमधला, म्हणजे त्या काचेच्या नळीतला, पत्रा लालभडक होतो आणि व्हॉल्व्ह कायमचा जातो. म्हणून हा फ्यूज. तो आधी जळतो आणि व्हॉल्व्ह वाचतो.

"बिचारा," गोदी म्हणाली.

मग ती रोजच काही ना काही निमित्ताने येऊ लागली. यंत्रावरचा काटा कुठवर गेलेला चालतो, बंद करायला खटका कधी ओढायचा, सगळं शिकली. व्हॉल्व्ह एकच होता आणि मास्तर त्याला तळहातावरच्या फोडासारखे जपत. तिला मास्तर आवडले होते, उघडच आवडले होते. पण मद्रासशी घडाघडा बोलणारा हा माणूस तिच्यासमोर मुका व्हायचा.

"लांबच्यांशी बरं बोलता," ती एकदा म्हणाली. "जवळच्यांसाठी पण लायसन लागतं का?"

मास्तरांनी मान खाली घालून काट्यावरची काच पुसली...

तुळशीचं लग्न लागलं आणि घरात गोदीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. टोकावड्याचं स्थळ बापाला, चांगोला, पसंत होतं. सुपारी एकदा फुटली की संपलंच.

सुपारीच्या आदल्या दिवशी दुपारी ती दारात आली तेव्हा मास्तर यंत्रापुढे बसले होते. फ्यूजची तार संपली म्हणून, दुसऱ्यांना हजारदा बजावलेली चूक त्यांनी स्वतःच केली होती; तिथे जाड तार घातली होती. झाडलोट करताना सोडलेलं एरिअलचं टोकही जोडायचं राहिलं होतं. त्यांनी खटका टाकला, आणि त्याच वेळी गोदी म्हणाली, "उद्या टोकावड्याचे पाव्हणे येतात. सुपारी फुटंल."

काटा टोकाला जाऊन आपटला. जाड तार कसली जळते? आतला पत्रा लाल होऊ लागला.

"मास्तर, पत्रा बघा."

मास्तर तिच्याकडेच बघत होते. "गोदी... तुला तिकडं जायचं हाय?"

"मला कुणी इचारलंय?"

"मी इचारतोय."

"व्हॉल्व्ह जाईल, मास्तर."

"जाऊ दे. माझ्याशी लगीन करशील?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी हात चुकला नाही; त्यांच्या खांद्यावरून वाकून तिने खटका ओढला. पत्र्याची लाली हळूहळू उतरली.

"करीन," ती म्हणाली. "पण बाबा पडवीत हाय. त्याच्याशी पण बोलाया लागंल. जमंल ना?"

मास्तर अनवाणीच गेले. गोदी भिंतीला कान लावून उभी राहिली. आधी नुसतं खाकरणं ऐकू आलं... आणि मग मास्तर एका दमात सगळं बोलून मोकळे झाले.

चांगोने चंची सोडली, पान लावलं, सावकाश तोंडात टाकलं.

"मास्तर, पोरगी रोज तुमच्या खोलीत का येते, ते सगळ्या आळीला ठावं हाय. मी दीड म्हैना वाट बघितली तुमची. शेवटाला म्हनलं, ह्याच्या मनात नाय." त्याने चंची गुंडाळली. "टोकावड्याला आजच निरोप धाडतो."

गोदी तिथेच, भिंतीला टेकून, मटकन खाली बसली आणि तोंडावर पदर दाबून हसत राहिली.