अण्णांचा कटसीन

हिंजवडीतल्या एका ऑफिसात तनुजा कटसीन करायची. व्हिडिओ गेम मधेच थांबतो आणि छोटासा सिनेमा सुरू होतो, तो कटसीन. तेवढा वेळ खेळणाऱ्याच्या हातात काही नसतं. पुढचा खेळ कशासाठी खेळायचा, हे त्याने मुकाट्याने ऐकून घ्यायचं असतं. आणि नेमकं तेवढंच कोणाला नको असतं. एकेका कटसीनमागे तनुजाचे महिने जात आणि लोक स्किपचं बटण दाबून मोकळे होत. सुरुवातीला तिला त्याचं रडू यायचं. आता नुसती झोप यायची.

नव्या गेमची सुरुवात तिचीच होती. एक म्हातारा ओट्यावर बसून मुलीला म्हणतो, "पोरी, एक सांगायचं राह्यलंय." मग काय ते सांगतो, उठतो, आत जातो. आतून कडी लागते. त्या आवाजानंतर गेम खेळणाऱ्याच्या हाती येतो. मुलगी दार तोडून आत जाते तर घर रिकामं. पुढचा सगळा गेम म्हणजे बापाचा शोध.

नट ठरेपर्यंत घरच्या-दारच्या कोणाचा तरी कच्चा आवाज लावून काम भागवायची पद्धत आहे. तनुजाने अण्णांचा लावला. अण्णा म्हणजे तिचे वडील रावसाहेब. आई गेल्यापासून लोणी काळभोरला एकटे राहायचे. दिवाळीत तिने त्यांच्यापुढे मोबाइल धरला आणि हातात कागद दिला. त्यांनी पहिलं वाक्य वाचलं आणि कागद खाली ठेवला.

"बाकीचं नंतर," म्हणाले.

पुढे नट येणारच होता. तिनेही आग्रह केला नाही. त्या एका वाक्यानंतर म्हाताऱ्याचे ओठ नुसतेच हलत राहिले.

मग एके दिवशी गेम तपासणारा पियुष म्हणाला, "ताई, पुढचे डायलॉग पण टाकले का? म्हातारा बोलतोय."

"काय बोलतोय?"

"काय माहीत, मी स्किप केलं. तो सीन रोज बघून बघून वैताग आलाय यार."

तिने स्वतः लावून पाहिलं. पहिलं वाक्य, आणि पुढे शांतता. पियुषलाही झोपेची गरज आहे, असं म्हणून तिने विषय सोडला.

त्याच सुमारास अण्णांचे फोन वाढले. "तनू, कायतरी गडबड व्हतीय गं. ओट्यावर बसलेलो असतो, अन् एकदम बघतो तर विहिरीपाशी हुभा. मधलं कायबी ध्यानात नाय." डॉक्टरांना काही सापडलं नाही, वय झालं म्हणाले. फोन ठेवताना अण्णा दरवेळी सांगायचे, "एक सांगायचं राह्यलंय." आणि ती दरवेळी म्हणायची, "अण्णा, बस आली, नंतर बोलू." बस कधी आलेली असायची, कधी नसायची. तिच्यात ऐकायचं त्राण उरलेलं नसायचं, एवढंच खरं होतं.

एका दुपारी ती पियुषच्या शेजारी बसूनच अण्णांशी फोनवर बोलत होती. अण्णा कोथिंबिरीच्या वाफ्याचं सांगत होते. पियुषने म्हाताऱ्याच्या सीनवर स्किपचं बटण दाबलं. अण्णांचा शब्द मधेच तुटला.

"हां, तर ठिवतो आता," ते म्हणाले. "लई येळ बोललो."

"अण्णा, वाफ्याचं काय झालं?"

"कसला वाफा?"

तिने पियुषला पुन्हा सीन लावायला सांगितलं. त्याने सवयीने पुन्हा बटण दाबलं. अण्णा पुन्हा तुटले, आणि पुन्हा तसंच म्हणाले, "हां, तर ठिवतो आता." तिने पियुषचं मनगट घट्ट धरलं.

त्या संध्याकाळी तिने अण्णांचा आवाज गेममधून काढून टाकला. म्हातारा तरीही त्यांच्याच आवाजात बोलला.

दुसऱ्या दिवशी ती प्रमुखांकडे, नम्रता मॅडमकडे गेली. या एका सीनला स्किप नको म्हणाली. कारण काय सांगणार? गोष्ट कळत नाही, एवढंच सांगितलं.

"तनुजा, आपण गेम विकतो, प्रवचनं नाही," मॅडम म्हणाल्या. "सक्तीने बसवलं की लोक उठून जातात. ठेव बंद डेमोपर्यंत. मग बघू."

स्किप बंद झालं आणि अण्णा सुधारले. फोनवर आवाज खणखणीत. "आता ये," म्हणाले. "फोनवर सांगण्यासारखं नाय."

ती रजा टाकून गेली. हिंजवडीपासून लोणीपर्यंतच्या गर्दीने तिचं अंग आंबून गेलं होतं. अण्णांनी स्वतः चहा केला. ओट्यावर ऊन होतं. कप तोंडाला भाजत होता, तो तिने खाली ठेवला. फोन पिशवीत टाकला. आज सगळं ऐकायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

अण्णा समोर बसले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पोरी," ते म्हणाले, "एक सांगायचं राह्यलंय."

"सांगा अण्णा."

ऊन ओट्यावरून उतरलं होतं.

कप धुऊन पालथा घातलेला होता. अण्णा उभे होते, डोक्यावर टोपी. चेहरा हलका झालेला.

"बरं झालं, सांगून टाकलं," ते म्हणाले. "आता माझं काय नाय राह्यलं."

"अण्णा, काय सांगितलंत?"

"दोनदा सांगण्यासारखं हाय का ते?" ते हसले. "तू आईची शपथ घेतलीस, मला तेवढं पुरं."

"कसली शपथ?"

पिशवीत फोन वाजला. पियुषचा मेसेज होता. 'ताई, डेमो आजच ठरला. मॅडमनी स्किप परत चालू करायला लावलं. आत्ताच चेक केलं, मस्त चालतंय.'

तिने गालाला हात लावला. गाल ओले होते. घसा रडून रडून बसावा तसा बसला होता.

अण्णा उंबऱ्यात थांबले.

"मला हुडकायचं नाय," ते म्हणाले. "कबूल केलंयस."

ते आत गेले.

आतून कडी लागली.