चिमाने आणलेली खूण

मुरबाडच्या बाजारामागे एक लहानसा धर्मादाय दवाखाना होता. त्यात सहा खाटा होत्या आणि प्रत्येक खाटेच्या उशाशी एक लाकडी पाट. पाट भेटायला येणाऱ्यासाठी असे. तो रिकामा राहिला की माझ्या आईला चैन पडत नसे.

आई तिथे नर्स होती. वडील गेल्यावर ती पुण्याला जाऊन ते काम शिकली आणि १९३१ साली मला घेऊन मुरबाडला आली. मी तेव्हा बारा वर्षांची होते. दवाखान्याला लागूनच आमची खोली होती. सकाळी फिनेलचा वास यायचा आणि त्यात मिसळलेला चुलीवरच्या पेजेचा. आजही तांदूळ शिजायला लागले की मला आधी फिनेल आठवतं.

नवा रोगी आला की आई नाव, गाव, दुखणं लिहून घ्यायची. मग त्याच आवाजात विचारायची, "बोलणं कुणाशी बंद आहे?"

माणसं गोंधळायची. डॉक्टर आठवड्यातून दोनदा कल्याणहून यायचे, तेही हसायचे. आई म्हणायची, "घरी गेल्यावर याला रात्री पाणी कोण देणार, ते मला आधी कळायला हवं."

वैशाखरे गावचा राघो तापाने आला तेव्हा म्हणाला, "आपला कुणाशी भांडाण नाय, बाई."

"मग रात्रभर जयराम, जयराम कोण करत होतं? मी?"

जयराम त्याचा धाकटा भाऊ. शेताच्या बांधावरून चार वर्षं अबोला होता. आईने राघोची तंबाखूची चंची मागून घेतली आणि चिमाला हाक मारली.

चिमा गावाबाहेरच्या वाडीतली. लिहिता वाचता येणारी माणसं थोडी, म्हणून आई निरोपाबरोबर रोग्याच्या अंगावरची एखादी वस्तू धाडायची. ती खूण. खूण पाहिली की घरच्यांचा विश्वास बसायचा. येणाऱ्याने ती परत रोग्याच्या हातात द्यायची आणि पेजेची पहिली वाटी आपल्या हाताने पाजायची, हा आईचा नियम. चिमा आठ आठ कोस चालायची. कुठल्याही दारात गेली की आधी ओट्यावर पाय पसरून बसायची, तंबाखू मागायची आणि मगच निरोप सांगायची.

जयराम दुसऱ्या दिवशी आला. पाटावर बसला आणि कौलांकडे बघत म्हणाला, "मेला नायस अजून?"

"मी मेलो का तू बांध सारशील. म्हून थांबलो."

जयरामने चंची त्याच्या छातीवर टाकली. वाटी उचलली आणि बराच वेळ नुसती फुंकत राहिला. आई खिडकीकडे तोंड करून पट्ट्या गुंडाळत होती. अशा वेळी ती कधीच वळून बघायची नाही.

१९३६ साली माझं लग्न झालं आणि मी शहापूरला आले. माझे यजमान शाळामास्तर. पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. आई येणार होती. तिच्याऐवजी चिमा आली, चांदीचे दोन वाळे घेऊन. वैशाखऱ्याकडे पटकीची, कॉलऱ्याची साथ आली होती आणि आईला सुटणं शक्य नव्हतं. वाळ्यांना तीन तीन घुंगरू होते. एकाचा एक वाटेत पडला होता. चिमा त्याबद्दल दहादा हळहळली.

विसाव्या दिवशी मुलगी गेली. शेवटचे दोन दिवस ती दूध घेत नव्हती. घरच्यांनी तिला ओढ्याकाठी करंजाखाली पुरलं. वाळे काढू नका, एवढंच मी म्हटलं.

महिन्याने आई आली. मी तिच्याशी बोलले नाही. पुढे सात वर्षं बोलले नाही. तिची पत्रं मी वाचून ठेवून देत असे. मी वाचणारी बाई आहे. पटकी म्हणजे काय, मला माहीत होतं. तरीही.

१९४४च्या माघात, एका मंगळवारी दुपारी, दारात चिमा उभी होती. मी बस म्हटलं, ती बसली नाही. तंबाखू मागितली नाही. पळसाच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी तिने पुढे केलं.

"बाईनी बोलावलाय गो, वच्छे."

पानात आईचं घड्याळ होतं. ती छातीवर पदराला अडकवायची, नाडी मोजायची, ते.

"सांग तिला, मला सवड नाही," मी म्हणाले.

चिमा मान हलवून गेली. तिच्या पायांवर धूळ नव्हती, हे मला नंतर आठवलं.

तीन दिवस मी घड्याळाची टिकटिक ऐकली. शुक्रवारी निघाले. किन्हवलीपर्यंत बैलगाडी मिळाली, पुढे बरंचसं पायी. दवाखान्यात शिरले तर पहिल्या खाटेवरची गादी उन्हात टाकलेली होती. पाट तेवढा उशाशी होता.

"काल सकाळी गेल्या," कंपाउंडर कमळाकरभाऊ म्हणाले. "तीन दिवस पेज घेत नव्हत्या. मुलीच्या हातची घेईन म्हणायच्या. मी म्हटलं, बोलावू का वच्छीला? तर म्हणाल्या, खूण गेली आहे. आम्हाला वाटलं, तापात बोलतायत."

मी घड्याळ काढून त्यांच्यासमोर धरलं.

त्यांनी ते हातात घेतलं नाही.

पलीकडच्या खाटेवरची अंबूबाई हळूच म्हणाली, "बुधवारी संध्याकाळी याच घड्याळावर माझी नाडी पाहिली हो त्यांनी. उठून."

"मी ते त्यांच्या पदराला तसंच राहू दिलं होतं," कमळाकरभाऊ म्हणाले. "चितेवर ठेवतानाही होतं. तुला कुणी दिलं?"

"चिमाने. मंगळवारी."

त्यांनी पाट माझ्याकडे सरकवला.

"चिमाला पान लागून दोन पावसाळे झाले, वच्छे."

पान लागणं म्हणजे आमच्याकडे साप चावणं. मी पाटावर बसले. खूण परत द्यायला समोर कुणी नव्हतं. कोपऱ्यात पेजेची वाटी झाकून ठेवली होती. कुणाला ती टाकवली नव्हती.

घड्याळ माझ्याकडेच आहे. मी त्याला अजून एकदाही किल्ली दिलेली नाही. ते चालू आहे.

काल दुपारी मी ओटीवर तांदूळ निवडत होते. यजमान शाळेत होते. चैत्राचं ऊन अंगणात पसरलं होतं. सावली पडली म्हणून वर पाहिलं.

चिमा.

या वेळीही ती बसली नाही. तिने पळसाचं पान पुढे केलं. पान ओलं होतं, त्याला तांबडी माती लागली होती.

"बाईनी बोलावलाय," ती म्हणाली. "पोर पेज घेत नाय. तुझ्या हातची घेल."

मी पान उघडलं. चांदीचा वाळा. दोन घुंगरू, तिसऱ्याची कडी रिकामी.

"थांब," मी म्हणाले. "आधण ठेवते."

हा वाळा तेव्हा माझ्या दोन बोटांतही जेमतेम शिरायचा. आता तो सहज मनगटात गेला. मध्ये चांदीचा तुकडा घालून कुणीतरी तो वाढवला होता, सातआठ वर्षांच्या मुलीच्या पायाला येईल एवढा. मी जोडावरून अंगठा फिरवला. तो नवा नव्हता. रोजच्या चालण्याने झिजून गुळगुळीत झाला होता.