हरिणीचे दोनशे तेरा दिवस

यानाच्या वनकक्षात सकाळ होत होती. छतावरचं दीपाकाश हळूहळू उजळलं, गवतावर पिवळट उजेड उतरला आणि कालिंदीला पाडस दिसलं. अजून ओलं होतं, पण उभं राहायची खटपट चालली होती. तिला भरूनच आलं. नव्या ग्रहावर रान वसवायला नेलेल्या बारशिंग्यांची ती रखवालदार. अशी बाळंतपणं तिने काही कमी पाहिली नव्हती, पण मुलासाठी आसुसलेल्या बाईला त्याची सवय होत नाही, हेच खरं.

यानात मूल होऊ द्यायचं नाही, असा नियम होता. माणसं दोनशे, ताटं दोनशे. कालिंदी वयाच्या पाचव्या वर्षी यानात आली, आता पस्तिशीची होती. चार वर्षांनी यान उतरणार, तेव्हा एकोणचाळीस. चाळिशीपर्यंत हरकत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. तेवढ्याशा भरवशावर तिने आणि नवऱ्याने, सुहासने, बाळाचं नावसुद्धा ठरवून टाकलं होतं.

तिने वहीत लिहिलं: गर्भकाळ दोनशे तेरा दिवस. पृथ्वीवरच्या पुस्तकात दोनशे चाळीस होते. यानात वाघ नाही म्हणून हरिणी लवकर विते, असं आधीचे रखवालदार सांगायचे. आज तिला हसू आलं. अहो, वाघच नाही तर घाई कसली?

भिंतीवर गळलेली शिंगं टांगलेली होती. नर दरवर्षी शिंगं गाळतो, मखमली कातडीखाली नवी उगवतात. दर वर्षाची एक जोडी ठेवायची रीत होती. तीस वर्षं, तीस जोड्या. शिंगं पंचांगाशी सोळा आणे जुळत होती. मग पोटच कसं चुकतं? कुठेतरी पाणी मुरत होतं.

भार्गवकाका हे यानाचे दीपाधिकारी, दिव्यांचे मालकच म्हणा. यानात सगळ्यांनाच दुपारी झोप लागे. कालिंदी विचारायला गेली तेव्हा ती उरकून ते चहा घेत होते. त्यांनी आपल्यातला अर्धा तिला दिला.

"काका, शिंगं कशाच्या तालावर गळतात?"

"उजेडाच्या. दिवस लहानमोठे होतात, त्यावरून हरणाचं अंग वर्ष ओळखतं. आपल्या दीपाकाशाचा एक फेरा, शिंगांचाही एक."

"आणि गर्भ?"

म्हातारा थबकला. "गर्भ दिव्यांकडे बघत नाही. त्याला लागायचा तेवढाच वेळ लागतो."

"म्हणजे तुमचा दिवस मोठा आहे."

"सत्तावीस तासांचा," ते म्हणाले, आणि मग सगळंच सांगून टाकलं. निघाल्यावर थोड्याच दिवसांत धान्यकोठीला बुरशी लागली. ताट कमी केलं असतं तर माणसं खचली असती. म्हणून त्यांनी दिवसच ताणला. घड्याळं दिव्यांवरूनच चालत. दिवसाचं ताट तेवढंच राहिलं, पण दिवस कमी झाले. कप्तानाखेरीज कुणालाच पत्ता नव्हता.

दुपारची पेंग, जेवणाआधीची भूक, लवकर पिकणारे केस. कालिंदीला सगळ्याचा उलगडा झाला.

"मग मी पस्तिशीची नाही."

"एकोणचाळिशीची आहेस, पोरी."

उतरेपर्यंत त्रेचाळीस उलटलेली असणार. तिला संताप आला, रडूही आलं. "शहाण्यासारखी थांबले हो मी, काका." आत्ताच्या आत्ता सभेत सगळं सांगते, असं तिने बजावलं. सांग, तुझा हक्कच आहे, ते म्हणाले. मग दिवस पुन्हा चोवीस तासांचा होईल, आणि उतरायच्या सहा महिने आधी कोठी रिकामी.

वनकक्षात पाडस एव्हाना आईला लुचत असेल, असं तिच्या मनात आलं. काकांनी कागद ओढून घेतला आणि आकडेमोड केली.

"दोनशे एकावं ताट निघू शकतं. दिवस आणखी आठ मिनिटांनी लांबवायचा. पण मग हे गुपित तुझंही."

दुसऱ्या दिवशी दीपाकाश आठ मिनिटं उशिरा उजळलं. तेवढा वेळ कालिंदी पोटावर हात ठेवून अंधारात जागी होती. यानातल्या प्रत्येकाची आठ मिनिटं तिने उचलली होती, शेजारी झोपलेल्याचीसुद्धा.

उजेड आला तसा सुहासने आळस दिला.

"आज झोप काय छान झाली," तो म्हणाला.

"हो," कालिंदी म्हणाली.