सोनेरी कोबीचा मानकरी

पडद्यावर नायक मरत होता आणि रिकाम्या थिएटरात मी पोट धरधरून हसत होते. मागच्या रांगेतून आवाज आला, "अहो, निदान त्याला नीट मरू तरी द्या!"

वळून पाहिलं. विस्कटलेले केस, मांडीवर पॉपकॉर्नचा डबा आणि डोळे... चक्क ओले.

"तुम्ही रडताय? या सिनेमाला?"

"एसीचा वारा लागतोय डोळ्यांना." त्याने डबा पुढे केला. "घ्या. हसायलाही ताकद लागते."

नाव त्याने नुसतं 'डेल' एवढंच सांगितलं. मी कोरिन. ऑस्करच्या आदल्या दिवशी हॉलिवूडशेजारच्या बरबँकमधली आमची टवाळ मंडळी वर्षातल्या टुकार सिनेमांना 'सोनेरी कोबी' देते. शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय मत द्यायचं नाही, हा आमचा धर्म.

"मग याला कोबी नक्की?" डेलने विचारलं.

"संवादांसाठी तर बिनविरोध!"

मत देऊन झालं, तरी मी तोच सिनेमा पाहायला पुन्हा गेले. मग पुन्हा... तोही असायचाच, आता शेजारच्या खुर्चीत. 'अहो'चं 'अगं' कधी झालं, कळलंच नाही. अंधारात कोपराला कोपर लागायचं आणि पडद्यावर कोण कोणाला मारतंय, याचा मला पत्ता नसायचा. मी एकेका संवादाची सालटी काढायचे. तो खळखळून हसायचा, मग एकदम पॉपकॉर्न चिवडत बसायचा. याला मी आवडते की नाही? काही केल्या उमगेना. शेवटी मीच त्याला समारंभाला बोलावलं.

आमच्याकडे विजेता कधीच येत नाही. हसं करून घ्यायला कोण येईल! म्हणून आमच्यातलंच कोणीतरी त्याचं सोंग घेऊन आभार मानतं. संवादलेखक वेंडेल प्रूइटचं सोंग माझ्या वाट्याला आलं. मिशी चिकटवून, कोबी छातीशी धरून मी म्हणाले, "माझ्या शाळेतल्या बाईंचे आभार. त्यांनी लिहू नकोस म्हणून किती विनवलं..."

सभागृह हसून लोळत होतं. तेवढ्यात डेल उठला.

"आभार मीच मानले तर चालेल? वेंडेल प्रूइट मीच."

लोक आणखीच हसले. तो मंचावर आला. वेंडेल... डेल! म्हणजे पहिल्या दिवशीचे ते ओले डोळे एसीमुळे नव्हतेच.

"आधी का नाही बोललास?" मी कुजबुजले.

"तू उठून गेली असतीस."

"आणि मी तुझ्या तोंडावर एवढं..."

"घरी जाऊन रडायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचो. माझं काय चाललंय, मलाच कळत नव्हतं." त्याने कोबी घेतला आणि पाठ फिरवली.

हा आता गेला तर गेलाच! मी मिशी उपटली. अर्धी ओठालाच राहिली.

"डेल! मी पुन्हा पुन्हा आले, ते सिनेमासाठी नाही."

तो थांबला. "म्हणजे... सिनेमा टुकारच?"

"टुकारच!"

"आणि मी?"

"तू मला हवा आहेस रे, वेड्या!"

मला वाटलं, आता हा त्याच्या सिनेमातला एखादा भयंकर संवाद फेकणार. पण संवादलेखकाने कोबी खाली ठेवला आणि माझा हात धरला.