फोटोतली पणजी

"अहो, जातं फिरवताय का?"

बोलून गेल्यावर चिगुसाने जीभ चावली. पण बाण सुटला होता. पाऊस चुकवायला ती स्टुडिओतल्या काचेच्या छपराखाली शिरली, तर समोर एक तरुण लाकडी कॅमेऱ्याची मूठ जीव खाऊन फिरवत होता.

तो थांबला. कपाळावरचे केस मागे सारून त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "मग कशी फिरवायची?"

"सेकंदाला दोन फेरे. इतकी घाई केलीत तर चित्रं जास्त निघतील आणि पडद्यावर माणसं मुंगीच्या चालीने चालतील."

"कॅमेरा माझ्या पणजोबांचा आहे, बाईसाहेब."

"म्हणून तर म्हणतेय. पणजोबांना काय वाटेल?"

तो हसला. त्याचं हसणं डोळ्यांपासून सुरू व्हायचं, हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं. छपरावर पाऊस ताडताड वाजत होता आणि दोघांपैकी कुणालाच निघायची घाई नव्हती.

त्याचं नाव रेन्तारो उराबे. क्योतोतल्या तेरामाचीत त्याचं जुने कॅमेरे दुरुस्त करायचं दुकान होतं. त्याचे पणजोबा मूकपटांच्या काळातले कॅमेरामन. त्यांच्यावर आणि त्यांच्या प्रेमावर इथे चित्रपट निघत होता. कॅमेरा त्याने उसना दिला होता, पण दुसऱ्याच्या हातात सोडवेना म्हणून रोज सोबत यायचा. आणि चिगुसा काबुरागीचं काम चुका काढायचं. पडद्यावरचा काळ खरा आहे की नाही, हे तपासायला तिला नेमलं होतं. सेटवर ती आली की लोक आपापले मोजेसुद्धा लपवायचे.

"आज काय सापडलं?" रेन्तारो रोज विचारायचा.

"मूकपटाचं शूटिंग, आणि सगळे चिडीचूप उभे! आवाज टिपलाच जात नव्हता, तर गप्प कशाला बसतील? दिग्दर्शक ओरडायचा, शेजारी सुतार ठोकत असायचे..."

"म्हणजे प्रेमाचा प्रसंगही ठोकाठोकीत?"

"हो. लाजायला जागाच नव्हती."

"आता आहे," तो हळूच म्हणाला, आणि चिगुसाने उगाच वही उघडली.

जूनच्या शेवटी तो तिच्यासाठी मिनाझुकी घेऊन आला, वर लाल चवळी पेरलेल्या त्रिकोणी वड्या. घरी परतताना एकच छत्री होती. छत्री तिच्याकडे कलती धरल्याने त्याचा डावा खांदा चिंब झाला. रात्रभर तिला तो ओला खांदाच आठवत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनेच त्याच्या पणजीचा फोटो मागितला. पणजीच्या किमोनोची नक्षी तपासायची होती. चित्रपटाची नायिका म्हणजे रेन्तारोची पणजी... पणजोबांच्या स्टुडिओची देखणी नटी.

"आमच्याकडे देव्हाऱ्याशेजारी असतो हा," त्याने रेशमी रुमाल उलगडला. "पणजी फार लवकर गेली. आजोबा तेव्हा दोन वर्षांचे. तिचा दुसरा फोटोच नाही. आजोबा रोज याच्यापुढे उदबत्ती लावायचे, आता आई लावते."

स्टुडिओतल्या सगळ्यांचा एकत्र फोटो. मध्यभागी कॅमेरा, एका बाजूला पणजोबा, दुसऱ्या बाजूला नाजूक मान वळवून बसलेली ती रूपवती. चिगुसाने भिंग लावलं. रुंद मनगट. गळ्यावरची घाटी. मागे तारीख, ताइशो सहावं वर्ष, म्हणजे १९१७.

त्या साली पणजोबांच्या स्टुडिओत नट्याच नव्हत्या. बायकांची कामं पुरुषच करायचे. आणि हा चेहरा तिने जुन्या जाहिरातींत पाहिला होता. हा सेगावा उमेजो, स्त्रीपार्टी नट. पुढे चार मुलांचा बाप.

"नक्षी बरोबर आहे ना?" रेन्तारोने उत्सुकतेने विचारलं.

'बरोबर' एवढा एक शब्द लिहिला असता तर काम भागलं असतं. चिगुसाची आई नेहमी म्हणायची, "तुझ्या जिभेपुढे एकही मुलगा टिकायचा नाही." आजवर खरंच कुणी टिकलं नव्हतं. पण हा एक टिकावा असं तिला फार, फार वाटत होतं. आणि त्याच्याशीच खोटं बोलायचं?

"उराबे-सान... ही बाई नाही. हा पुरुष आहे."

आधी तो हसला. मग तिचा चेहरा पाहून थांबला. तिने सगळं सांगितलं, जमेल तितक्या हळुवारपणे.

"म्हणजे आम्ही इतकी वर्षं एका परक्या बुवाला उदबत्ती ओवाळतोय?" त्याचा आवाज चिरकला. "मग आमची पणजी कोण?"

"मला माहीत नाही."

त्याने फोटो रुमालात गुंडाळला, मान लववली आणि पावसात निघून गेला.

तीन दिवस तो आला नाही. दिग्दर्शक मित्सुहाशींनी तिचा अहवाल वाचून टेबलावर आपटला. "सोमवारी मुख्य प्रसंग आहे, काबुरागी-सान. पडद्यावर सुंदर बाई दिसली की साल कोण विचारतंय?"

चिगुसा ग्रंथालयात जाऊन बसली. दुसरं काय करणार? जुनी चित्रपट मासिकं चाळता चाळता तिसऱ्या दिवशी तोच फोटो छापलेला सापडला, खाली सगळ्यांच्या नावांसकट. ती एकेका नावावर बोट ठेवत गेली आणि बाईच्या एकुलत्या एका नावापाशी अडली. पण रेन्तारोची पणजी हीच, हे कसं कळणार?

सोमवारी सकाळी रेन्तारो दारात उभा होता. डोळे तांबारलेले, हातात कागद. "वॉर्ड ऑफिसातून कुटुंबाची जुनी नोंद काढली. पणजीचं नाव तोवा. तांबा भागातल्या खेड्यातली. बाकी काही नाही."

चिगुसाने मासिक पुढे केलं. 'मागची रांग, उजवीकडून पहिली : फिल्म धुणारी, तोवा.'

दोघं एकाच भिंगावर वाकले. मागे, अगदी कडेला, कामासाठी बाह्या पाठीशी बांधलेली एक मुलगी. हलल्यामुळे चेहरा जरा पुसट.

"आजोबांना लहानपणी कुणीतरी सांगितलं असणार, तुझी आई या फोटोत आहे," चिगुसा हळू आवाजात म्हणाली. "ते खरंच होतं. त्या पोराने फक्त सगळ्यांत सुंदर बाई निवडली."

रेन्तारोने भिंग मधल्या कॅमेऱ्याकडे सरकवलं. "पणजोबा बघा. सगळे समोर बघताहेत. आणि हा कॅमेरामन असून..."

पणजोबा मान वळवून मागे, उजवीकडे बघत होते.

नायिका फिल्म धुणारी करायला मित्सुहाशी मात्र तयार होईनात. "धुणारी बाई? प्रेक्षक घोरतील."

"मग मी कॅमेरा घरी नेतो," रेन्तारो म्हणाला.

"थांबा जरा," चिगुसा मध्ये पडली. "मित्सुहाशी-सान, फिल्म धुतल्यावर ती ओलीच उजेडात धरून बघायचे. कॅमेरामनने दिवसभर जे जे टिपलं, ते सगळ्या जगाच्या आधी तिला दिसायचं. थंडीने फुटलेल्या हातांत."

मित्सुहाशींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे आधी बोलायला काय झालं होतं?" ते खेकसले आणि पाण्याची पिंपं मागवायला गेले.

दोघंच उरले. छपरावर पाऊस बारीक झाला होता.

"तुमच्यावर रागावलो नव्हतो," रेन्तारो म्हणाला. "आईला कसं सांगायचं, ते कळत नव्हतं. काल सांगितलं. आधी रडली, मग म्हणाली, जिने आपल्याला सांगितलं तिला जेवायला आण." तो जरा घुटमळला. "मी... म्हणजे फक्त जेवायलाच नाही..."

"थांबा, मला बोलू द्या," चिगुसा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज पक्का होता. "तुमचे पणजोबा नुसते बघत राहिले, कुठे लिहून ठेवलं नाही, आणि पोरानातवंडांनी भलत्यालाच उदबत्ती लावली. मला तसं नको. मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. हे सगळ्यांना सांगा, तारखेसकट लिहून ठेवा."

रेन्तारोने तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "तारीख मला पाठ आहे," तो म्हणाला, आणि मग तिचा हात सोडायचं विसरला.