भिंगरी मधे जागा सोडते

"खरी गोष्ट आहे" असं म्हणून लोक काहीही खपवतात, हे मला माहीत आहे. पण माझा मामा थापाड्या नाही. आयुष्यात तो एकदाच खोटं बोलला, आणि ही गोष्ट फिरून त्या खोट्यापाशीच येते.

मागच्या हिवाळ्यातला गुरुवार. दुपारचे चार वाजलेले. जागा गावाबाहेरची, बंद पडलेली वीटभट्टी.

मामा कामाची कुत्री तयार करतो. कुणाला मेंढ्या राखायला हवं असतं, कुणाला हरवलेलं माणूस शोधायला. त्या वेळी त्याच्याकडे भिंगरी होती. दहा महिन्यांची, एका मेंढपाळाची कुत्री. अंगात नुसतं वारं भरलेलं. दोरी सोडायचा अवकाश, की ती दिसेनाशी व्हायची आणि मामा शिट्ट्या मारून मारून रडकुंडीला यायचा.

"अहो, तुम्ही तिला शिकवताय की ती तुम्हाला?" मामी विचारायची.

शनिवारी मेंढपाळ येणार होता. त्याने स्पष्टच सांगितलं होतं, "मोकळी सोडल्यावर जवळ राहत नसेल तर कळपात नको मला. फाटकाशी साखळीला बांधून टाकेन."

मामाला ते फार लागलं होतं. अशा कुत्रीला साखळी म्हणजे जन्मठेप.

आता एकच उपाय उरला होता. लपण्याचा. तो मामा अकरा वर्षं टाळत आला होता.

उपाय तसा सोपा आहे. कुत्रं पुढे उधळलं की हाक मारायची नाही, गुपचूप आडोशाला जाऊन बसायचं. वळून बघितल्यावर माणूस दिसला नाही की कुत्र्याचं धाबं दणाणतं. ते वास काढत शोधत येतं, आणि पुन्हा म्हणून माणसावरची नजर काढत नाही. नियम दोनच. कुत्र्याने शोधेपर्यंत हलायचं नाही. आणि कुणीही हाक मारली तरी ओ द्यायची नाही.

हे मामाला मास्तरांनी शिकवलं होतं. मास्तर म्हणजे त्याचे गुरू. म्हातारे, तिरसट, आणि तोंडात सदा पेपरमिंटची गोळी.

तर, मामाने दोरी सोडली. भिंगरी सुसाट गेली. मामा एका पडक्या भिंतीमागे जाऊन बसला.

पाच मिनिटं गेली...

पंजांचा आवाज आला. जवळ आला. भिंतीपलीकडे येऊन थांबला...

आणि तसाच लांब निघून गेला.

वारा उलटा असेल, मामाला वाटलं. तो गप्प बसून राहिला.

मग धुराड्याच्या मागून भुंकणं ऐकू आलं. एकदाच. माणूस सापडल्यावर कुत्रं धन्याला कळवतं ना, तसं.

ते तर मामाने तिला अजून शिकवलंच नव्हतं.

नियम मोडून तो उठला. धुराड्याच्या मागे भिंतीत एक खोल कोनाडा होता, माणूस बसेल एवढा. भिंगरी त्याच्यासमोर बसली होती. शेपटी जमिनीवर आपटत होती. मान वर केलेली. बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघायला जेवढी करावी लागेल, तेवढीच.

कोनाड्यात कुणीच नव्हतं...

मामा दोन पावलं मागे सरला. कारण अकरा वर्षांपूर्वी मास्तर त्याच कोनाड्यात लपले होते.

त्या दिवशी कुत्रं सोडायचं काम मामाकडे होतं. कुत्रं नवखं, दहा मिनिटांत शोध सोडून परत आलं. त्याला पुन्हा पाठवायला हवं होतं. पण मामाचं लग्न नवं नवं, आणि खिशात संध्याकाळच्या सिनेमाची दोन तिकिटं. "मास्तर, आज पुरे, मी निघतो," असं ओरडून तो निघाला. उत्तर आलं नाही. लपलेले असताना मास्तर उत्तर देणार कसे?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सापडले. बसल्या जागी. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पण लगेच गेले नसावेत, असंही म्हणाले.

लोकांनी विचारलं तेव्हा मामाने सांगितलं, "मास्तरांनीच मला घरी पाठवलं." तिकिटांचं फक्त मामीला ठाऊक होतं.

"भिंगरी, चल," मामा कसाबसा म्हणाला.

ती हलली नाही. कोनाड्याकडेच बघत राहिली. मग तिची मान सावकाश वर जायला लागली... अजून वर... समोरचं माणूस उठून उभं राहावं तशी.

आणि ती चालत आली. धावली नाही. मामाच्या डाव्या बाजूला, हातभर अंतर ठेवून थांबली.

"मास्तर, चुकलो मी," मामा म्हणाला. त्याला रडू आवरेना.

भिंगरी चालायला लागली.

घरी आल्यावर मामीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो हात नाकाशी नेला.

"पेपरमिंट कधीपासून खायला लागलात?"

मामाने रिकामे खिसे उलटे करून दाखवले.

शनिवारी मेंढपाळ आला. भिंगरी मोकळी, आणि एकदाही लांब गेली नाही. मामा वळला की वळायची, थांबला की थांबायची. मेंढपाळ आधी खूश झाला. मग त्याचा चेहरा उतरला.

"कुत्री छान तयार झालीय," तो म्हणाला. "पण ही तुमच्याजवळ नाही चालत. मधे जागा सोडतेय. माणसाएवढी."

तो तिला न घेताच गेला. भिंगरीची साखळी टळली. ती मामाकडेच राहिली.

मामाने मग तिकिटांची गोष्ट मास्तरांच्या घरी जाऊन सांगितली. आता तो ती कुणालाही सांगतो. मला वाटलं होतं, एवढ्याने ते संपेल.

गेल्या रविवारी मी त्या दोघांबरोबर फिरायला गेलो. बोलता बोलता मामाच्या डाव्या बाजूला आलो. त्याने माझं कोपर धरून मला उजवीकडे घेतलं.

"तिकडून नको," तो हळूच म्हणाला. "तिकडे जागा नाही."

घरी पोचलो. मामा आत गेला आणि दार धरून उभा राहिला. मी पाऊल उचललं, तर भिंगरी माझ्यासमोर आडवी आली. उंबऱ्याकडे बघत थांबली...

मग ती आत गेली.

मामाने दार अजून धरलेलंच होतं.

"हं," तो मला म्हणाला. "आता तू ये."