निःस्वार्थ श्रोता

विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्याच्या अरुंद जिन्यात ब्रॉनविन केओ खाली उतरत होती आणि एझ्रा मॉस्बी वर चढत होता. कोणीतरी बाजूला सरणे आवश्यक होते. पण ब्रॉनविनला पुढची पायरीच दिसेना, म्हणून ती तिथेच बसली.

काही क्षणांपूर्वी उत्तर क्वीन्सलंडच्या दाट पावसातून एक प्रवासी विमान उतरत असता, एक चिमुकले विमान अनुमतीवाचून त्याच धावपट्टीवर शिरले होते. ब्रॉनविनने मोठ्या विमानाला तत्काळ पुन्हा आकाशात चढविले. सर्व सुखरूप होते. परंतु हवाई नियंत्रकांच्या व्यवसायात एक सुंदर रीत आहे. असा प्रसंग टळला, की नियंत्रकाने आपले आसन लगेच दुसऱ्याच्या स्वाधीन करावे, आणि प्रशिक्षण घेतलेल्या एखाद्या सहकाऱ्याने त्याच्याजवळ बसावे. हा श्रोता दोष काढीत नाही, उपदेशही करीत नाही. त्या दिवशी ते काम एझ्राकडे आले.

"सगळे वाचले ना... मग मला पायरी का दिसत नाहीये?" तिने विचारले.

"तुला कळलंय गं. शरीराला अजून कळायचंय," तो तिच्या खालच्या पायरीवर बसत म्हणाला. "सांगू त्याला सावकाश."

पुढे रोज दुपारी ती दोघे खारफुटीतील लाकडी वाटेवरून चालत. तो तिच्याकडे न पाहता समोर पाही, जेणेकरून तिला बोलणे सोपे जावे. झोप कशी मोडते, फोन वाजला तरी छाती कशी धडधडते, हे तिने त्याला सांगितले. भीती हा दुबळेपणा नव्हे, जागरूक मनाने मोजलेले ते मोल आहे, हे त्याने तिला इतक्या हळुवारपणे उमगू दिले, की ते आपल्यालाच सुचले असे तिला वाटले. हळूहळू श्वास लांबला, आणि हसूही परतले.

"सगळ्यांनाच असं चालवतोस?" एकदा तिने विचारले.

"नाही. काहींना पहिल्याच वळणावर बरं वाटतं," तो म्हणाला. "तू जरा हट्टी आहेस."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या... तिने ते पाहिले, आणि पाहिले नाही असे दाखविले.

पुन्हा आसनावर बसण्याचा दिवस उद्यावर आला. ते जमले नाही तर ब्रिस्बेनच्या कचेरीतील टेबल तिची वाट पाहत होते. नेमके तेव्हाच मनोऱ्याची प्रमुख कॉलीन हिने सांगितले, की एझ्राने स्वतःहून हे काम सोडले असून यापुढे मोइरा ही दुसरी प्रशिक्षित सहकारी तिचे ऐकेल. ब्रॉनविनचा चेहरा उतरला. आपण त्या आसनाला अपात्र आहोत, हे त्याने ओळखले असणार! ब्रिस्बेनला होकार कळवावा असे तिच्या मनात आले; पण आधी ती मोइराशी दीर्घकाळ बोलली, आणि मग थेट एझ्रासमोर जाऊन उभी राहिली.

"मी बसू शकणार नाही असं वाटतं तुला? तोंडावर सांग."

"तसं नाही." तो प्रथमच सरळ तिच्या डोळ्यांत पाहत होता. "ऐकणाऱ्याला समोरच्याकडून स्वतःसाठी काही नको असावं लागतं. मला... हवंय. तू इथून जाऊ नयेस असं मला वाटतं. मग मी तुला ‘आसनावर बस’ म्हटलं, तरी ते तुझ्यासाठी की माझ्यासाठी, हे मलाच सांगता येईना. म्हणून मोइरा."

बाहेर पाऊस ओसरत होता. ज्या पुरुषाने आपला मोह ओळखून आधी तिचे हित सुरक्षित हाती सोपविले, त्याच्याकडे ती आदराने बघतच राहिली.

"मोइरा मला म्हणाली, तू तयार आहेस," ती अखेरीस म्हणाली. "आणि ती म्हणायच्या आधी मलाही ते ठाऊक होतं. उद्या सकाळी मी बसतेय."

त्याने डोळे मिटून दीर्घ निःश्वास सोडला.

"संध्याकाळी मात्र चालायला ये," ती म्हणाली. "आता तू बोलायचं, मी ऐकणार. आणि आत्ताच सांगून ठेवते... मी काही निःस्वार्थ नाही."